सतरा नंबरचा बिल्ला

ही गोष्ट खरी आहे. मी शपथा घेत बसणार नाही. ज्यांच्या बाबतीत हे घडलं ते माझे सख्खे मामा आहेत, आणि मामा आयुष्यात एकदाच खोटं बोलले. ते कोणतं, ते पुढे येईलच.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. फुलांच्या हंगामातला तिसरा मंगळवार. संध्याकाळचे पावणेसहा.

जागा म्हणजे वस्तीबाहेरचा गवताळ माळ. पूर्वी तिथे सगळ्यांची गुरं चरायची, माळ कोणा एकाचा नव्हताच. मग कोणीतरी अभ्यासकांनी येऊन सांगितलं की इथे जितकी रानफुलं उगवतात तितकी आसपास कुठेच नाहीत. माळ राखीव झाला. तारेचं कुंपण आलं, एक फाटक आलं, फाटकाशी छोटी चौकी आली आणि चौकीत रखवालदार म्हणून मामा आले. वर्षातले दहा महिने तिथे कुत्रं फिरकायचं नाही. उरलेल्या दोन महिन्यांत मात्र मामांना जेवायला फुरसत नसायची.

माळावरचं गवत कमरेएवढं. उभा माणूस लांबून दिसतो.

बसला की... नुसतं गवत.

म्हणून मामांनी बिल्ल्यांची पद्धत पाडली होती. चौकीच्या भिंतीवर लाकडी फळा, फळ्यावर चाळीस खिळे, प्रत्येक खिळ्याला दोरीने अडकवलेला पत्र्याचा गोल बिल्ला आणि त्यावर नंबर. आत जाताना बिल्ला घ्यायचा. बाहेर येताना आपल्याच हाताने आपल्या खिळ्याला लावायचा. सहाला मामा घंटा वाजवणार. फळा भरला की फाटकाला कुलूप. एक खिळा जरी रिकामा असला तरी कुलूप लागायचं नाही, मग स्वतः मोठे साहेब का खोळंबलेले असेनात.

ज्याने नेला त्यानेच लावायचा, हा नियम मामांचाच.

आणि तो मोडला तोही मामांनीच.

दर मंगळवारी माळावर एक बाई यायच्या. दवाखान्यातल्या निवृत्त नर्स. चाळीस वर्षं बाळंतपणं केलेली. अर्धी वस्ती त्यांच्या हातावर जन्मलेली, मामांची दोन्ही मुलं धरून. सगळे त्यांना नर्सबाईच म्हणायचे. फाटकातून आत शिरता शिरता त्या मामांची फिरकी घ्यायच्या.

"काय मामा, तुमच्या थोरल्याने जन्मल्यावर रडायलासुद्धा तीन मिनिटं लावली होती. अजून तसाच आहे का आळशी?"

"तसाच आहे. आता फक्त रडतो वेळेवर," मामा म्हणायचे.

काखेत घडीचं तीनपायी स्टूल, खांद्याला पिशवी, पिशवीत वही आणि भिंग. फुलांनाही त्या पेशंटसारखंच वागवायच्या. "४.२०. या कोपऱ्यात आज तेवीस जन्मली. दोन अडली आहेत," असं वहीत वेळ टाकून लिहायच्या. ड्यूटीवरची सवय, निवृत्तीने थोडीच सुटते? बिल्लाही त्यांचा ठरलेला. सतरा. सतरा नंबरच्या खाटेवर त्यांनी पहिलं बाळंतपण केलं होतं म्हणे.

त्यांना ऐकू कमी यायचं. कानाला मशीन होतं, पण माळावरच्या वाऱ्यात ते शिट्ट्या मारायचं, म्हणून आत गेल्या की त्या ते काढून पिशवीत टाकायच्या. घंटा ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. त्यामुळे सहाला मामा स्वतः चालत जायचे, त्यांच्यापुढे उभे राहून लाल फडकं हलवायचे. मग नर्सबाई मान वर करायच्या आणि कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तशा मोठ्याने ओरडायच्या.

"आले हो, आले!"

सहा हंगाम असं चाललं होतं. एक मंगळवार चुकला नव्हता.

त्या मंगळवारी मामांची दाढ ठणकत होती.

हसू नका. ज्याची दुखते त्यालाच कळतं. रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता, गाल भाकरीसारखा फुगलेला, आणि दाताच्या डॉक्टरने कशीबशी साडेसहाची वेळ दिलेली. पावणेसहाला फळ्यावर एकच खिळा रिकामा होता. सतरा. मामा लाल फडकं घेऊन निघाले.

फाटकाच्या आत दहा पावलांवर पाण्याचा नळ आहे. नळाखालच्या ओल्या मातीत काहीतरी चमकलं...

बिल्ला. सतरा नंबरचा. दोरी तुटलेली.

"गेली वाटतं म्हातारी," मामा पुटपुटले. जाताना बाटली भरायला वाकली असेल, दोरी तुटली असेल, कळलंच नसेल. त्यांनी बिल्ला उचलला, पॅन्टला पुसला आणि खिळ्याला लावला.

फळा भरला.

नळ जसा जाणाऱ्याच्या वाटेवर होता तसा येणाऱ्याच्याही वाटेवर होता, हे मामांच्या डोक्यात आलंच नाही. दाढ दुखत असली की डोक्यात फक्त दाढ असते. त्यांनी घंटा वाजवली, कुलूप लावलं आणि सायकलवर टांग मारली.

दाढ उपटून झाली. मामा गोळी घेऊन आडवे झाले. दहाच्या सुमाराला नर्सबाईंच्या शेजाऱ्यांचा फोन आला. त्यांची मुलगी परगावी असते, रोज नऊला आईला फोन करते, आज आई उचलत नव्हती, आणि घराला तर कुलूप.

"मामा, बाई माळावर तर नाहीत ना राहिल्या?"

तोंडात कापसाचा बोळा. झोपेत अर्धे. मामा म्हणाले, "नाही हो. फळा भरलाय. सगळे बाहेर गेलेत."

आणि कूस बदलून झोपले.

सकाळी फाटक उघडून शंभर पावलं गेल्यावर त्यांना आधी स्टूल दिसलं. आडवं पडलेलं. मग गवतात एक पट्टा दबलेला दिसला, चारपाच हात लांब. वाटेच्या दिशेने. कोणीतरी सरपटत येत होतं... आणि थांबलं होतं.

डॉक्टर म्हणाले, खुब्याचं हाड मोडलं होतं. रात्रभर थंडी आणि वरून पाऊस. जीव गेला तो पहाटे चारच्या आसपास.

म्हणजे दहा वाजता फोन आला तेव्हा त्या जिवंत होत्या.

वही उशाशी पिशवीत होती, कोरडी. मामांनी ती कोणी यायच्या आधी वाचली. शेवटच्या पानावर नेहमीसारखी वेळ टाकलेली होती. "५.१०. पाय अडकून पडले. उजवा खुबा, बहुतेक फ्रॅक्चर. उठता येत नाही. शुद्ध आहे. काळजीचं कारण नाही, ६ ला मामा येतीलच."

मामांनी ते पान फाडून खिशात घातलं. का, ते त्यांना आजही सांगता येत नाही. हाताने फाडलं, म्हणतात.

चौकशी झाली. साहेबांनी फळा बघितला, बिल्ला बघितला. निष्कर्ष सोपा होता. बाईंनी बिल्ला लावला, बाहेर पडल्या, काहीतरी विसरलं म्हणून परत आत गेल्या. वय झालं की व्हायचंच असं. मामांना एकच प्रश्न विचारला.

"बिल्ला त्यांनीच लावला होता ना?"

"हो," मामा म्हणाले.

हेच ते एक खोटं.

नर्सबाईंची मुलगी फाटकाशी उभी होती. ती रडत नव्हती, तिने फक्त ओढणीचं टोक मुठीत आवळून धरलं होतं. "मामा, आईचं हे विसरणं कधी सुरू झालं हो? मी रोज बोलायचे तिच्याशी. मला कसं कळलं नाही? तिला आता एकटं ठेवण्यात अर्थ नव्हता, आणि मी ठेवली."

मामांचा गाल अजून सुजलेला होता, त्यामुळे त्यांचं न बोलणं खपून गेलं.

वर्ष गेलं. माळ पुन्हा फुलला. पिवळा, जांभळा, पांढरा... बघावं तिकडे रंग. मामांना ते बघवत नव्हतं. सतरा नंबर त्यांनी वर्षभरात कोणाला दिला नव्हता. त्याला नवी जाड दोरी लावून तो खिळ्याला तसाच ठेवला होता.

हंगामातला पहिला मंगळवार. आभाळ भरलेलं, दिवसभरात चारच माणसं आली आणि पाचच्या आत गेलीसुद्धा. सहाला मामा घंटेशी गेले. सवयीने फळ्याकडे बघितलं.

सतरावा खिळा रिकामा होता.

मामांनी टेबलाखाली बघितलं. कोपरे बघितले. कोणी गंमत केली असेल म्हणून चौघांची नावं आठवून बघितली. मग ते आत निघाले... आणि नळापाशी थबकले.

ओल्या मातीत बिल्ला पडला होता. दोरी तुटलेली.

त्यांनी तो उचलला. लावला. आणि कुलुपाला हात घातला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की गवतातली किरकिर थांबली आहे. एकही किडा वाजत नव्हता. वारा असून गवत हलत नव्हतं.

मामांच्या तोंडून आपोआप हाक गेली.

"नर्सबाई..."

"आले हो, आले!"

मोठ्याने. खणखणीत. आतल्या कोपऱ्यातून.

मामा धावले. साठीला आलेला माणूस, कमरेएवढ्या गवतातून ठेचकाळत धावला. त्या जागी कोणी नव्हतं. गवतात फक्त तीन गोल खळगे होते, स्टुलाच्या पायांचे. ताजे.

ते अंधार पडेपर्यंत फाटकाशी उभे राहिले. कोणी आलं नाही.

जिवंतपणी ज्या बाईला घंटा ऐकू यायची नाही, तिला आता एका हाकेत ऐकू येत होतं. फक्त हाक मारायला मामांनी वर्षभर उशीर केला होता.

दुसऱ्या मंगळवारी त्यांनी बिल्ला टेबलाच्या खणात ठेवून खणाला कुलूप लावलं. किल्ली जानव्याला बांधतात तशी गळ्यात अडकवली. सोबतीला मामीला आणलं. सहाला खण उघडला, तर खण रिकामा. बिल्ला नळाखाली. मामांनी हाक मारली आणि उत्तर आलं.

"ऐकलंस?" मामांनी विचारलं.

मामी म्हणाली, "वारा आहे हो. तुम्हाला झोप हवीय, चला घरी." पण घरी जाताना तिने मामांचा हात सोडला नाही, आणि पुन्हा कधी माळावर आलीही नाही.

तिसऱ्या मंगळवारी नर्सबाईंची मुलगी आली.

वर्षभरात दहा वर्षांनी थकल्यासारखी दिसत होती. तिला आई गेली ती जागा बघायची होती. मामांनी तिला नऊ नंबर दिला आणि सोबत गेले. ती गवतात बसली. बराच वेळ फुलांवरून हात फिरवत राहिली.

"मी आता रोज सगळं लिहून ठेवते मामा," ती म्हणाली. "गॅस बंद केला, दार लावलं, औषध घेतलं. आईसारखं माझंही होईल अशी भीती वाटते. आणि झालं तर होऊ दे असंही वाटतं. मी तिच्याकडे बघितलं नाही, माझ्याकडे कोणी का बघावं?"

मामांच्या मनात आलं. सांगून टाकावं. आता, इथेच. पण त्यांनी घड्याळ बघितलं. ते म्हणाले, "चला ताई, सहा वाजत आले."

चौकीत तिने नऊ नंबर खिळ्याला लावला. फळ्याकडे बघितलं.

"सतरा कोणाकडे आहे?"

मामांनी कुलूप उचललं, पुन्हा खाली ठेवलं.

"कोणीतरी आत राहिलंय मामा," ती म्हणाली आणि बघायला आत वळली. दहाच पावलं... मग वाकली. "अहो, हा काय, इथे नळाखाली पडलाय! जाताना पडला असेल कोणाचा तरी. थांबा, लावते मी."

ती बिल्ला पुसत पुसत आली. मामांनी पुसला होता अगदी तसाच. तिचा हात खिळ्याकडे गेला.

मामांनी तिचं मनगट धरलं.

"नको! लावू नको, पोरी. त्या आत आहेत!"

मामा खाली बसले, तिथेच, चौकीच्या फरशीवर, आणि लहान मुलासारखे रडायला लागले. मग त्यांनी सगळं सांगितलं. दाढ सांगितली. नळ सांगितला. दहा वाजताचा फोन सांगितला. 'हो' म्हटलेलं सांगितलं. चौकीतल्या नोंदवहीच्या पुठ्ठ्यात दडवलेलं ते फाडलेलं पान काढून तिच्या हातात दिलं.

तिने ते वाचलं. पुन्हा वाचलं.

"म्हणजे आई विसरली नव्हती," ती म्हणाली.

"नाही."

"तिला सगळं कळत होतं."

"सगळं."

तिने पान छातीशी धरलं. ती रागाने थरथरत होती की हुंदक्याने, ते मामांना कळलं नाही. मग ती सतरा नंबर मुठीत धरून एकटीच आत गेली. मामांनी फाटकातून ऐकलं.

"आई..."

किरकिर थांबली.

"आले हो, आले!"

इतक्या जवळून तो आवाज मामांनी कधी ऐकला नव्हता.

दिवेलागणीला मुलगी बाहेर आली. एकटी. पण पायवाटेच्या मधून चालत नव्हती. एका कडेने चालत होती, सावकाश, दुसऱ्या बाजूला कोणाला तरी जागा ठेवल्यासारखी. मध्ये एकदा थांबली, दम खाऊ दिल्यासारखी, आणि पुन्हा निघाली. फाटकाशी येऊन तिने मूठ उघडून बिल्ला दाखवला.

"हा मी नेते. आई घरी पोहोचेपर्यंत लावायचा नाही."

मामांनी मान हलवली.

"आणि मी तुम्हाला माफ केलेलं नाही, मामा."

"नका करू," मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मामांनी कचेरीत जाऊन खरं काय ते लेखी दिलं. व्हायची ती शिक्षा झाली, नोकरी गेली. चौकी सोडायच्या आधीच्या मंगळवारी सहाला त्यांनी माळाकडे तोंड करून हाक मारली होती. उत्तर आलं नाही. इतके दिवस ज्या आवाजाला ते घाबरत होते, तो आला नाही म्हणून ते ढसाढसा रडले.

तीन वर्षांनी टपालाने एक पाकीट आलं. आत बिल्ला आणि चार ओळी.

"मामा, मागच्या मंगळवारी साडेसहाला दार वाजलं. उघडलं तर कोणी नव्हतं. पायपुसण्यावर गवताचं बी पडलं होतं आणि घरात ओल्या माळाचा वास आला. रात्री मी शांत झोपले, कितीतरी दिवसांनी. आई घरी पोहोचली असं वाटतं. बिल्ला खिळ्याला लावून टाका. आता तुम्हीही झोपा."

माळावर आता नवा रखवालदार आहे. मी मुद्दाम जाऊन बघून आलो. फळ्यावर एकोणचाळीस बिल्ले आहेत. सतरावा खिळा रिकामा आहे. त्यामुळे तो बिचारा रोज वैतागतो, पण कुलूप लावायच्या आधी सगळा माळ पायांनी फिरून येतो.

बिल्ला मामांच्या शर्टाच्या खिशात असतो. मामा हल्ली आमच्याकडेच राहतात. दुसऱ्या मजल्यावरची खोली, माळ तिथून बराच लांब. फुलांच्या हंगामात दर मंगळवारी सहाला ते बिल्ला काढून तळहातावर ठेवतात आणि खिडकीशी बसतात. गेल्या मंगळवारी मी तो हातात घेऊन बघितला.

ओला होता. दोरीच्या गाठीत गवताचं बी अडकलेलं.

मी म्हटलं, "मामा, तिने स्वतः लिहिलंय ना? चला, उद्या जाऊन लावून टाकू. किती दिवस बाळगणार?"

मामांनी बिल्ला माझ्या हातातून काढून घेतला, पुसला नाही, तसाच खिशात ठेवला.

"'वाटतं' असं लिहिलंय तिने," ते म्हणाले. "मलाही तेव्हा वाटलंच होतं."